प्रथिन पूरके

प्रथिन पूरके म्हणजे दूध, सोयाबीन, वाटाणा, अंडे इत्यादी खाद्यपदार्थांतील प्रथिने वेगळी करून तयार केलेली भुकटी, पेये अथवा वड्या होत. रोजच्या जेवणातून पुरेशी प्रथिने मिळत नसतील तेव्हा ती उणीव भरून काढणे हा त्यांचा मूळ उपयोग आहे. शरीरातील चरबी कमी करताना स्नायू टिकवणे किंवा वाढवणे या हेतूने व्यायाम करणारे लोक त्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर करतात. बाजारात सर्वाधिक प्रचलित असलेले पूरक म्हणजे चीज तयार करताना उरणाऱ्या पाण्यापासून मिळणारे व्हे प्रथिन होय. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दूध उत्पादक तालुके आहेत. आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे चीज व व्हे प्रथिन यांची निर्मिती होते. त्यामुळे या पूरकाचा कच्चा माल, त्याची निर्मिती आणि त्याचा ग्राहक हे तिन्ही या परिसरात एकत्र आढळतात.

निर्मिती

गाईच्या दुधात सुमारे ३.२ टक्के प्रथिने असतात. त्यांपैकी अंदाजे ८० टक्के केसीन व २० टक्के व्हे प्रथिने असतात. चीज तयार करताना दुधात विरजण व रेनेट हे विकर मिसळले जाते. केसीन व स्निग्धांश यांचा गोळा बनतो आणि पिवळसर हिरवट पाणी वेगळे होते. या पाण्याला व्हे किंवा निवळी म्हणतात. साधारण १० लिटर दुधापासून १ किलो चीज मिळते व सुमारे ९ लिटर व्हे उरतो. त्यात बहुतांश पाणी, ४ ते ५ टक्के दुग्धशर्करा, काही क्षार आणि जेमतेम ०.६ ते ०.८ टक्के प्रथिने असतात.

पूर्वी हे पाणी टाकून दिले जाई किंवा जनावरांना पाजले जाई. त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू झपाट्याने संपतो. म्हणून प्रक्रिया न करता ओढ्यात किंवा नदीत सोडलेला व्हे हा गंभीर प्रदूषक ठरतो. सूक्ष्म छिद्रांच्या पटलांतून गाळण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले आणि या टाकाऊ पाण्यास मोल आले. गाळण्याच्या क्रियेत पाणी, शर्करा व क्षार पटलातून निघून जातात आणि प्रथिनांचे मोठे रेणू मागे राहतात. उरलेला दाट द्रव गरम हवेत फवारून त्याची भुकटी केली जाते. सुमारे ८० टक्क्यांपर्यंत प्रथिने असलेल्या भुकटीस व्हे कॉन्संट्रेट व ९० टक्के किंवा अधिक प्रथिने असलेल्या भुकटीस व्हे आयसोलेट म्हणतात. आयसोलेटमध्ये दुग्धशर्करा अत्यल्प असते.

२५ ग्रॅम प्रथिने देणाऱ्या भुकटीच्या एका मापासाठी सुमारे ४ लिटर व्हे लागतो. चीजचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होत असेल तेथेच हा उद्योग परवडतो, याचे कारण हेच आहे. घरोघरी पनीर करताना उरणारे पाणी या कामी फारसे उपयोगी पडत नाही. पनीरसाठी दूध चांगले तापवून मग आम्लाने फाडतात. त्या उष्णतेने व्हे प्रथिनांपैकी बरीचशी केसीनला चिकटून पनीरमध्येच राहतात. दह्यात तर दुधातील दोन्ही प्रकारची प्रथिने पूर्णपणे असतात. म्हणजे व्हे प्रथिन हे आहारात नव्याने आलेले द्रव्य नसून दूध, दही व पनीर खाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात ते पूर्वीपासून जात आले आहे.

जुन्नर व आंबेगाव परिसर

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांत असून तेथे भात, नाचणी व वरई ही पिके होतात. पूर्व भागात पर्जन्यमान कमी असले तरी कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे बागायत वाढली. ऊस, भाजीपाला व चारापिके यांबरोबर संकरित गाईंचे पालन हा शेतकरी कुटुंबांचा महत्त्वाचा जोडधंदा झाला.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्स या कंपनीचा दूध प्रक्रिया प्रकल्प मंचरजवळ अवसरी फाटा येथे आहे. गोवर्धन व गो या नावांनी तूप, चीज इत्यादी उत्पादने विकणाऱ्या या कंपनीने पुढे अवतार या नावाने व्हे प्रथिनाची भुकटीही बाजारात आणली. भारतात विकली जाणारी व्हे भुकटी दीर्घकाळ मुख्यतः आयात केलेली असे. देशातील चीज उत्पादन वाढल्यावर स्थानिक दुधापासून ती तयार करणे शक्य झाले.

परिसरात व्यायामाची जुनी परंपरा तालमीची आहे. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचे आखाडे भरतात. पैलवानाच्या पारंपरिक खुराकात दूध, तूप, बदाम, खारीक व थंडाई यांना स्थान असते. दिवसभर जोर, बैठका व लढती करणाऱ्या शरीरास तो मानवतो. मात्र त्यातील ऊर्जेचा मोठा वाटा स्निग्धांशाचा असल्याने चरबी कमी करू पाहणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या व्यक्तीस तोच खुराक प्रतिकूल ठरतो.

चरबी घटणे व स्नायू वाढणे

या दोन वेगळ्या प्रक्रिया असून त्यांची कारणेही वेगळी आहेत. खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा आहारातून कमी ऊर्जा मिळाली की शरीर साठवलेली चरबी वापरते. स्नायूंवर सवयीपेक्षा अधिक भार पडला आणि त्यांच्या बांधणीसाठी पुरेशी अमिनो आम्ले उपलब्ध झाली की स्नायू वाढतात. भार वजने उचलून, जोर व बैठका मारून किंवा दोर चढूनही देता येतो.

केवळ खाणे कमी केल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजनकाट्यावरील आकडा उतरतो, परंतु ताकद घटते. प्रथिनांचे महत्त्व येथे येते. ऊर्जेची तूट असताना ती स्नायूंची झीज रोखतात. त्यांच्यामुळे पोट भरल्याची जाणीव अधिक काळ टिकते. त्यांच्या पचनातही तुलनेने जास्त ऊर्जा खर्च होते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे २० ते ३० टक्के भाग पचन व चयापचयातच खर्च होतो. कर्बोदकांबाबत हे प्रमाण ५ ते १० टक्के असते.

प्रथिने स्वतः चरबी जाळत नाहीत. १ ग्रॅम प्रथिनांपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. नेहमीचे जेवण तसेच ठेवून त्यावर भुकटीचे पेय घेतल्यास एकूण ऊर्जा वाढते व वजनही वाढू शकते.

नव्याने व्यायाम सुरू करणारे, अंगावर अधिक चरबी असलेले आणि दीर्घ खंडानंतर व्यायामाकडे वळलेले लोक एकाच वेळी चरबी घटवू व स्नायू वाढवू शकतात. अनेक वर्षे सराव केलेल्या सडपातळ व्यक्तीस हे कठीण जाते.

आवश्यक प्रमाण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी ती सुमारे ५४ ग्रॅम होते. ही शिफारस सामान्य आरोग्य राखण्यासाठी आहे. आंतरराष्ट्रीय क्रीडा पोषण संस्थेने २०१७ मध्ये नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी प्रतिकिलो १.४ ते २ ग्रॅम हे प्रमाण पुरेसे मानले.

पूरकांचा परिणाम किती, याविषयी २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन या नियतकालिकात ४९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १,८६३ व्यक्तींचा समावेश होता. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांत पूरक प्रथिनांमुळे चरबीविरहित वजनात सरासरी केवळ ०.३ किलोची जादा भर पडली. एकूण प्रथिने प्रतिकिलो सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर अधिक लाभ दिसला नाही.

ऊर्जेची मोठी तूट असताना मात्र प्रथिनांचा फरक ठळक होतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० तरुणांनी चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी ऊर्जा घेऊन आठवड्यातून सहा दिवस कठोर व्यायाम केला. प्रतिकिलो २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाची चरबी सरासरी ४.८ किलोने घटली व चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. प्रतिकिलो १.२ ग्रॅम घेणाऱ्या गटाची चरबी ३.५ किलोने घटली, परंतु चरबीविरहित वजन जवळपास तेवढेच राहिले.

स्थानिक आहारातील प्रथिने

प्रति १०० ग्रॅम कच्च्या पदार्थातील प्रथिनांचे अंदाजे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

• सोयाबीन वडी (कोरडी) : ५० ग्रॅम
• सोयाबीन : ३६ ग्रॅम
• साय काढलेल्या दुधाची भुकटी : ३५ ग्रॅम
• शेंगदाणे : २४ ग्रॅम
• तूर, मूग, हरभरा डाळ, मटकी, हुलगे : २० ते २४ ग्रॅम
• पनीर : १८ ते २० ग्रॅम
• अंडे : १३ ग्रॅम (एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम)
• बाजरी : ११ ग्रॅम
• ज्वारी : १० ग्रॅम
• तांदूळ : ८ ग्रॅम
• गाईचे दूध : ३.२ ग्रॅम

तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत ते भरपूर असते. त्यामुळे भाकरी व हुलग्याची उसळ किंवा भात व वरण ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते.

उदाहरणार्थ, ७० किलो वजनाच्या व्यायाम करणाऱ्या व्यक्तीस प्रतिकिलो १.६ ग्रॅम या हिशेबाने ११२ ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दूध (१६ ग्रॅम), तीन अंडी (१८), ५० ग्रॅम सोयाबीन वडी (२५), डाळ व उसळ मिळून १०० ग्रॅम कडधान्य (२२), २०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्या (२२), एक वाटी दही (५) व मूठभर शेंगदाणे (६) यांतून ११४ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाजी व माफक तेल धरून या आहाराची एकूण ऊर्जा सुमारे २,२०० किलोकॅलरी होते. शेतीकाम किंवा नियमित व्यायाम करणाऱ्या तरुण पुरुषासाठी ती बहुधा गरजेपेक्षा कमीच असते. म्हणजे हा आहार चरबी घटवण्याच्या काळातही चालू शकतो. अंडी न खाणाऱ्या व्यक्तीने त्यांच्या जागी भुकटीचे एक माप किंवा १०० ग्रॅम पनीर घेतले तरी प्रथिनांचा हिशेब जुळतो. मात्र पनीरमधील स्निग्धांशामुळे ऊर्जा वाढते.

पूरकाचा उपयोग

वरील हिशेब जेवणातून पूर्ण होत असल्यास पूरकाची आवश्यकता राहत नाही. शाकाहारी व्यक्ती, भूक कमी असलेले लोक, दिवसातील बराच वेळ प्रवासात जाणारे कामगार किंवा ऊर्जा मर्यादित ठेवूनही प्रथिने वाढवू इच्छिणारे खेळाडू यांना पूरक सोयीचे ठरते. एका मापात सुमारे १२० किलोकॅलरी ऊर्जेसह २४ ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात व शिजवण्याचा वेळ वाचतो.

व्हे लवकर पचतो व त्यात स्नायूबांधणीस चालना देणारे ल्युसीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. व्यायामानंतर लगेच पूरक घेतलेच पाहिजे, असे मात्र नाही. दिवसभरातील एकूण प्रथिने व त्यांची तीन-चार जेवणांतील विभागणी यांना अधिक महत्त्व आहे. ग्रामीण भागात सकाळचा चहा-बटर किंवा पोह्यांचा नाश्ता व दुपारची भाजी-भाकरी यांत प्रथिने कमी असतात. अशा वेळी नाश्त्याला उसळ, अंडी किंवा दही यांची जोड देणे हाच पहिला बदल ठरतो.

पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या उमेदवारांना धावणे व ताकद या दोन्ही कसोट्या द्याव्या लागतात. त्यांच्या बाबतीत कर्बोदके फार कमी करून केवळ प्रथिने वाढवल्यास धावण्याची क्षमता घटू शकते.

मर्यादा व धोके

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी अधिक प्रथिने घातक ठरू शकतात. मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्यांचे मूत्रपिंड लक्षणे दिसण्यापूर्वीच बाधित झालेले असू शकते, म्हणून त्यांनी तपासणी व वैद्यकीय सल्ल्याशिवाय पूरके घेऊ नयेत. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांना व्हे वर्ज्य आहे. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांना कॉन्संट्रेटमुळे पोट फुगणे किंवा जुलाब होणे असा त्रास होऊ शकतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रथिन पूरके टाळण्याचा सल्ला दिला. अशा भुकटीत मिसळली जाणारी साखर, कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ व स्वाद यांकडेही तिने लक्ष वेधले. क्रीडा पोषणातील संशोधक निरोगी व्यक्तीस वर दिलेल्या मर्यादेतील प्रथिने सुरक्षित मानतात. दोन भूमिकांतील फरक अंशतः वाचकवर्गाचा आहे. पहिली सर्वसामान्य जनतेसाठी, तर दुसरी नियमित कठोर व्यायाम करणाऱ्यांसाठी मांडलेली आहे. प्रथिनांचा मुख्य स्रोत रोजचे अन्न असावे, यावर मात्र दोहोंचे एकमत आहे.

नियमन व शुद्धता

भारतात प्रथिन पूरके औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकली जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आरोग्य पूरकांसाठी स्वतंत्र नियम केले. वेष्टनावर घटकद्रव्ये, पोषणमूल्ये, वापराची मुदत व १४ अंकी परवाना क्रमांक असणे आवश्यक आहे.

२०२४ मध्ये मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पूरकांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के पूरकांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. काहींत बुरशीजन्य विषे व कीटकनाशकांचे अंशही सापडले. व्यायामशाळेतून सुटी विकली जाणारी, वेष्टन नसलेली भुकटी म्हणूनच अधिक जोखमीची असते. तीत साखर किंवा स्वस्त पिठाची भेसळ असू शकते. अल्पावधीत शरीर बनवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या काही उत्पादनांत स्टेरॉइड संप्रेरके मिसळलेली असण्याचा धोका असतो. अशी संप्रेरके यकृत, हृदय व प्रजननक्षमता यांवर दुष्परिणाम करतात. उत्तेजक द्रव्य चाचणीत ती आढळल्यास पूरकातून नकळत गेली असली तरी खेळाडू दोषी ठरू शकतो.

हे सुद्धा पहा

• प्रथिन
• दूध
• चीज
• कुस्ती
• मंचर
• कुकडी प्रकल्प