तेरा महिन्यांचें साल

वर्ष म्हणजे काय, असा प्रश्न केला तर प्रत्येक जण आपापल्या दप्तराप्रमाणें उत्तर देईल. सरकारी खजिन्याचें वर्ष ३१ मार्चला संपतें. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैस मिटतें, आणि गांवचे नमुने त्याच तारखांवर बांधलेले असतात. तहसील कचेरींत सारी हयात कारकुनींत गेल्यामुळें ही ३१ जुलै माझ्या हाडांत मुरलेली आहे. व्यापारी दिवाळीस नवी वही पुजतो, पंचांग गुढीपाडव्यास बदलतें. परंतु आपल्या खानदेशांत शेतकऱ्याचें साल यांपैकीं कोणत्याच तारखेस संपत नाहीं. तें अक्षय तृतीयेस, म्हणजे आपल्या आखाजीस, संपतें आणि त्याच दिवशीं नवें लागतें. सालदाराचा हिशेब त्या दिवशीं मिटतो, पुढची बोली त्या दिवशीं होते, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात आणि पितरांच्या नांवानें घागर भरली जाते.

आज ज्या सालाविषयीं लिहावयाचें आहे तें २२ एप्रिल २०२३ च्या आखाजीस सुरू झालें आणि १० मे २०२४ च्या आखाजीस संपलें. दिवस मोजले तर ३८४ भरतात. त्या सालांत श्रावण दोनदां आला, म्हणून तें तेरा महिन्यांचें झालें. शके १९४८, म्हणजे सन २०२६, हेंही अधिक मासाचेंच असल्यामुळें मागचें तेरा महिन्यांचें साल कसें गेलें तें एकदां मांडून पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

साल लागलें तेंच आदल्या सालाचा कापूस घरांत घेऊन. २०२२ सालीं कापसानें क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव दाखविला होता, आणि एकदां पाहिलेला भाव शेतकरी सहसा विसरत नाहीं. तो पुन्हां येईल या आशेवर शिरपूरकडे कित्येक घरांच्या पुढच्या खोल्या आखाजीपर्यंत भरलेल्या होत्या. आमच्याकडेही तीच गत. चौघां भावांची मिळून जमीन कागदोपत्रीं ५ हेक्टर ६० आर, बोलण्यांत चौदा एकर; तिचा निम्मा कापूस एका खोलींत कोंडलेला. त्या खोलीशेजारीं निजणाराच्या अंगास खाज सुटे, आणि आमच्या घरांतील मंडळी रोज विचारीत कीं, आधीं कापूस बाहेर जाणार कीं आपण? मुलांना मात्र त्या ढिगावर उड्या मारण्याइतकें दुसरें सुख नव्हतें. जूनच्या तोंडाशीं बियाण्याला पैसा हवा, म्हणून तो सात हजारांच्या आसपास देऊन टाकला.

मृग कोरडा गेला. केरळांत पाऊस ८ जूनला पोंचला खरा, पण अरबी समुद्रांतील बिपरजॉय वादळानें त्याची चाल बिघडविली, आणि मग २५ जूनला तो मुंबई व दिल्ली येथें एकाच दिवशीं जाऊन उभा राहिला. आपल्याकडे त्याची भेट त्याच सुमारास. बोंडअळीचें जीवनचक्र तुटावें म्हणून कापसाचें बियाणें १ जूनपूर्वीं विकूं नये असा शेतकी खात्याचा दंडक होता. कोरडवाहूवाल्यांस तो त्या सालीं पावसानेंच पाळावयास लावला.

पेरण्या चालू असतां ४ जुलैस मुंबई-आग्रा महामार्गावर आपल्याच तालुक्यांतील पळासनेर येथें एक भरधाव कंटेनर वाहनांस धडकत हॉटेलांत शिरला आणि दहा जणांचे तरी प्राण गेले. आठ दिवस पारावर दुसरें बोलणें नव्हतें.

अधिक श्रावण १८ जुलैस लागला. हा धोंड्याचा महिना. जांवयास बोलवावें, अनारसे वाढावे, वाण द्यावें. ऐन निंदणींत पाहुणचार म्हणजे बायकांच्या कष्टांस पारावार नाहीं, तरी कुरकुर ऐकूं आली नाहीं, कारण पाऊस बरा चालला होता. आमचे जांवई सुरतेस कापड गिरणींत आहेत. ते तीन दिवस राहिले आणि त्यांपैकीं एक दिवस स्वतः होऊन शेतांत कोळपें धरून गेले. सरी वांकडी गेली, पण त्या वांकड्या सरीचें कौतुक सासूबाईंनीं वर्षभर केलें.

पुढें आभाळ बदललें. निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला तेव्हां शिवारांत धूळ उडत होती. त्या ऑगस्टांत देशभर सरासरीहून ३६ टक्के कमी पाऊस झाला; १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नव्हता. आंकडा देशाचा, शिवारांत तो असा दिसला कीं, मूग-उडीद शेंगा धरतां धरतां सुकले, कापसाची फुलपाती रोज सकाळीं सरींत गळून पडलेली दिसे, आणि हलक्या जमिनींतली ज्वारी दुपारीं पानें वळवून उभी राही. आमचा सालदार त्या सालींच नवा आलेला. त्याला कोणी सांगितलें नव्हतें, तरी तो पहांटे उठून कोळपें घालीत असे. वरची माती भुसभुशीत राहिली म्हणजे भेगा बुजतात व खालची ओल उडत नाहीं, हें जुनें ज्ञान त्याच्या हातांत होतें. पावसानें दडी मारली म्हणजे सालदारास काम नसतें, असें जे म्हणतात त्यांनीं तो महिना पाहावयास हवा होता.

अशा दिवसांत कानबाई आली. नागपंचमीनंतरचा रविवार त्या सालीं २७ ऑगस्टला होता. पीक डोळ्यांदेखत चाललें असतां उत्सव कसला, असें पुरुषांचें म्हणणें. बायकांनीं तें ऐकून घेतलें आणि रोटाचा गहूं निवडावयास ओट्यावर पसरला. सुरत, नाशिक, पुणें येथून भाऊबंद आले. ज्या दोन चुलतभावांच्या बांधाच्या तंट्याचे कागद मीं कचेरींत असतांना किती वेळां खालून वर आणि वरून खालीं केले असतील त्याची गणती नाहीं, ते दोघे एका ओट्यावर बसून एकाच ढिगांतला गहूं निवडीत होते. तंटा मिटला नाहीं. तो अद्याप चालू आहे. पण त्या रात्रीं दोघांनीं एका ताटांतला रोट खाल्ला, एवढें मीं पाहिलें.

विहिरीचें सांगितलें पाहिजे. आपल्या तालुक्यांत २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या आंखणीनें नाले रुंद व खोल करून त्यांवर ओळीनें लहान सिमेंटचे बंधारे घालण्याचें काम झालें. बाहेरचे लोक त्यास ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणतात. त्यांतील मर्म असें कीं, पाणी नुसतें अडवून भागत नाहीं. नाल्याच्या तळाशीं पाणी मुरूं न देणारा जो थर असतो तो काढून खालच्या मुरमांत व फुटक्या खडकांत तें पोंचलें पाहिजे. आमची विहीर अशा एका बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ऑगस्टअखेर तिच्यावर मोटर दीड तास चाले, आणि तेवढ्यावर चौदा एकरांपैकीं पांच एकर कापूस तगला. उरलेल्या नऊ एकरांकडे पाहवत नव्हतें. येथें एक गोष्ट बोलून ठेवतों. विहिरीस पाणी आलें कीं आपल्या लोकांना पहिली केळ सुचते. बंधाऱ्यानें चार पिकांसाठीं मुरविलेलें पाणी एका केळीच्या बागेनें पिऊन टाकावें आणि मग पुन्हां बंधाऱ्यासाठीं अर्ज करावा, हा व्यवहार मला तरी समजत नाहीं.

पाऊस परतला तो सप्टेंबरांत. १४ तारखेस पोळा होता आणि बैलांच्या शिंगांना लावलेला रंग ओघळून पाठीवर उतरला, त्याचा त्या दिवशीं कोणासही राग आला नाहीं. दोनच दिवसांनीं पश्चिम मध्यप्रदेशांत अतिवृष्टी होऊन नर्मदेस महापूर आला, तापीचेंही पाणी चढलें. कापूस सांवरला, दादर पेरण्याची आशा उत्पन्न झाली. मुगाला मात्र तो पाऊस परका होता.

आतां यादीची हकीकत. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं राज्य सरकारनें १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत धुळें जिल्ह्यांतील शिंदखेडें होतें, तेंही गंभीर दुष्काळाच्या रकान्यांत. शिरपूर नव्हतें. दोन्ही तालुक्यांमध्यें काय तें तापीचें पात्र. सावळद्याच्या पुलावरून दक्षिणेस उतरलें कीं जमीन महसुलांत सूट, कर्जवसुलीस स्थगिती, पंपाच्या वीजबिलांत सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. उत्तरेस राहिलें तर त्या यादीनें यांतलें कांहीं नाहीं. शिंदखेड्यास मिळालें याचें वाईट कोणीं वाटून घेऊं नये. तेथील हाल आपल्याहून अधिक होते, हें दोन्ही कांठांवर सोयरीक असणारे सगळे जाणतात. परंतु नदीच्या अलीकडेही विहीर नसलेला शेतकरी होता.

यादी करणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याच्यापुढें रकाना असतो, आणि रकान्यांत एकच आंकडा मावतो. पैसेवारीचेंही तेंच. पूर्वीची आणेवारी ती पुढें पैसेवारी झाली. नजर, सुधारित आणि अंतिम अशा तीन फेऱ्यांत ती ठरते, आणि पन्नास पैशांची रेघ पीक बुडालें कीं तरलें हें सांगते. ज्याची विहीर आटली त्याचे तीस पैसे आणि ज्याची टिकली त्याचे सत्तर, यांची बेरीज भागून पन्नास येतात. पन्नास पैशांचा शेतकरी मात्र त्या गांवांत एकही नसतो. हे आंकडे मीं नोकरींत असतांना सुवाच्य अक्षरांत कित्येक वर्षें लिहिले. घरच्या नऊ आणि पांच एकरांकडे पाहिल्यावर त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट झाला.

दिवाळी बेताची झाली. नोव्हेंबरअखेर उत्तर महाराष्ट्रांत अवकाळीनें झोडपलें आणि फुटलेला कापूस भिजून पिवळा पडला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ७,०२० रुपये होता. भिजलेल्याला तो कोण देतो? डिसेंबरांत दत्तजयंतीस सारंगखेड्याची यात्रा भरली. घोडा घेण्याची ऐपत नाहीं, पण घोडे पाहण्यास पैसे पडत नाहींत, म्हणून दोन नातवंडांना घेऊन गेलों आणि दिवसभर घोडेच पाहिले. होळीच्या आधीं सातपुड्याच्या पायथ्याशीं भोंगऱ्याचे बाजार भरले. आमच्याकडे वेचणीस येणाऱ्या पावरा बाया आठ दिवस आधींच मजुरीचा हिशेब मागून घेऊन गेल्या. ढोलाचा आवाज रात्रीं वाऱ्यावर शिवारापर्यंत येत असे.

आणि मग आखाजी. सालदाराचें साल एक लाख रुपये रोख, शिवाय दोन क्विंटल ज्वारी व कपडालत्ता असें ठरलें होतें. हिशेब मांडतांना तो स्वतः कांहीं बोलला नाहीं. त्याची बायको उंबऱ्याशीं उभी होती, ती म्हणाली, “आप्पा, श्रावन दोनदा उना, मंग पैसा एकदाच का बरं?”

थोरल्या बंधूंनीं तात्काळ उत्तर दिलें कीं, साल आखाजी ते आखाजी. बोली सालाची असते, महिन्यांची नसते. शिवाय इतर सालीं दिवस कमी भरतात तेव्हां आपण पैसे कापतों काय? यांत तथ्य आहे, म्हणून मीं पाटीवर हिशेब केला. १४ मे २०२१ ची आखाजी ते ३ मे २०२२ ची, दिवस ३५४. तेथून २२ एप्रिल २०२३ पर्यंत पुन्हां ३५४. त्यापुढचें साल ३८४. तिन्ही मिळून १,०९२, म्हणजे तीन इंग्रजी वर्षांस चारच दिवस कमी. सोयीसाठीं तिन्ही सालांची बोली लाखाचीच धरली तर दिवसास सुमारें २७४ रुपये ७० पैसे पडतात. जो सालदार हीं तिन्ही सालें एकाच घरीं राहिला त्याचें कांहीं बुडालें नाहीं. दोन सालीं त्याला अधिक गेलें, तिसऱ्या सालीं फिटलें. पण जो फक्त अधिक मासाच्या सालापुरता आला, त्याला त्या दरानें १,०५,४९५ रुपये हवे होते. पांच हजार चारशें पंचाण्णव त्याचे बुडतात, आणि ते आधींच्या दोन सालांत दुसऱ्याच माणसाच्या पदरीं पडलेले असतात. बंधूंचा हिशेब धन्याच्या बाजूनें बरोबर होता. चुकत होतें तें एवढेंच कीं, धनी तोच राहतो आणि सालदार बदलतो.

हें ऐकून बंधू थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पुरते साडेपांच हजार दे.” गांवांत अशी रीत पडल्याचें कांहीं जणांना रुचलें नाहीं. एकानें रोख न देतां ज्वारीचें एक पोतें वाढवून दिलें. दुसऱ्यानें रीत नाहीं म्हणून कांहींच दिलें नाहीं. त्याचा सालदार दुपारपूर्वीं दुसऱ्या घरीं बोली करून मोकळा झाला. २०२६ च्या सालीं ज्येष्ठ अधिक असल्यामुळें तें साल १९ एप्रिलला लागून पुढील आखाजीस पुन्हां तेरा महिन्यांचेंच भरतें. बोलीच्या चिठ्ठींत रकमेशेजारीं दिवसांचाही आंकडा घातला तर उंबऱ्याशीं उभें राहून विचारण्याची पाळी कोणाच्या बायकोवर यावयाची नाहीं.

आमच्या सालदारानें पैसे मोजून बायकोच्या हातीं दिले. तिनें त्यांतून एक नवी घागर व मुलीला बांगड्या घेतल्या. तो पुढच्या सालासही आमच्याकडेच राहिला, आणि तीन दिवसांनीं, १३ मेला, नंदुरबार मतदारसंघाचें मतदान आटोपून वखर घेऊन त्या नऊ एकरांत गेला.