मंद इंटरनेट : दोष नेमका कोठे?

जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख वीस. त्या दिवशी सायंकाळी अनेक व्यापारी घरांत एकच तक्रार ऐकू येते, ‘नेट चालत नाही.’ विवरणपत्र उशिरा गेले तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क, आणि कर भरायचा राहिला असेल तर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. म्हणून ‘चालत नाही’ या दोन शब्दांमागे काय दडले आहे, हे घरातील एका तरी व्यक्तीस समजले पाहिजे. ते समजत नाही म्हणून कोणी राऊटर बदलतो, कोणी महागडी योजना घेतो, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. कधी कधी तर तो घरात नसतोच. देशभरातील व्यापारी एकाच दिवशी एकाच पोर्टलवर लोटले की पोर्टल अडखळते. अन्य संकेतस्थळे झरझर उघडत असतील आणि तेवढे एकच अडत असेल, तर राऊटरला हातही लावू नये. विवरणपत्र चार दिवस आधी भरावे हा त्यावरचा खरा उपाय. पण तो ऐकणारा व्यापारी विरळा!

बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर सगळी खाती एकदम उपसत बसत नाहीत. फरक कोणत्या काउंटरचा हे आधी ठरवतात, मग त्याच काउंटरच्या चिठ्ठ्या तपासतात. इंटरनेटलाही हीच रीत लागू पडते. त्याच्या प्रवासाचे दोन टप्पे आहेत. सेवा देणाऱ्या कंपनीपासून आपल्या भिंतीवरील पेटीपर्यंत तो तारेतून येतो आणि तेथून मोबाइलपर्यंत हवेतून जातो. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे कळले की निम्मे काम झाले.

त्याआधी मापाचा घोळ दूर करणे इष्ट. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरवते; एक हजार मेगाबाइटच्या फाइलीस पूर्ण वेगानेही ८० सेकंद लागणारच. हे ठाऊक नसल्याने अनेकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. मात्र ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा योजनांत ठरावीक वापरानंतर वेग एकदम घटतो, ती अट बारीक अक्षरांत असते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट मंदावत असेल, तर प्रथम ती अट वाचावी.

आता प्रत्यक्ष मोजणी. लॅपटॉप राऊटरला केबलने जोडावा, त्याचे वाय-फाय बंद करावे, घरातील इतर उपकरणे थोडा वेळ थांबवावीत आणि वेगमापक संकेतस्थळ उघडावे. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास अशा तीन नोंदी दोन-तीन दिवस वहीत घ्याव्यात. वहीच का? आठवणीतल्या आकड्याला कंपनीच्या दारी किंमत नसते. उतरण्याच्या वेगाबरोबर चढण्याचा वेगही लिहावा. दुकानाचे वा घराचे सीसीटीव्ही कॅमेरे चित्रण इंटरनेटवर साठवत असतील, तर ते चढण्याचा मार्ग अहोरात्र अडवून ठेवतात. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे नीट दिसते, पण आपला चेहरा त्याला गोठलेला दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

केबल लावूनही वेग कमी आला, तर दोष तारेच्या टप्प्यात आहे. पेटीवर लाल दिवा लागला असेल तर प्रकाश-तंतूतून येणारा संकेत तुटला आहे, असे समजावे. हा तंतू काचेचा असतो. कपाट सरकवताना तो काटकोनात मुडपला गेला तरी संकेत क्षीण होतो. आणखी एक गोष्ट फारच थोडे लोक तपासतात. योजना ३०० मेगाबिटची आणि मोजणी मात्र ९५च्या आसपास अडकते, असे असेल तर कंपनीला दोष देण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. हजार मेगाबिटच्या जोडणीला चारही लागतात, शंभरच्या जोडणीला दोन पुरतात. एक जोडी उंदराने कुरतडली की वेग निमूटपणे शंभरावर येतो. जुन्या स्वस्त राऊटरची तर छिद्रेच शंभर मेगाबिटची असतात. त्याला तीनशेची योजना घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

केबलवर वेग पूर्ण आणि मोबाइलवर अपुरा, हाच अनुभव अधिक घरांत येतो. येथे राऊटरची जागा निर्णायक ठरते. आपल्याकडे तो दिसू नये म्हणून टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवण्याची प्रथा आहे. धातू रेडिओ लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते, काँक्रीटच्या भिंती त्यांना दुबळे करतात आणि मोठा आरसाही आड येतो. राऊटर घराच्या मध्यभागी, खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. शोभा थोडी बिघडते, ते सोसावे.

राऊटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतात, परंतु त्यांचा वेग कमी आणि गर्दी फार. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आणि सोसायटीत राऊटर मात्र वीस-पंचवीस. ब्लूटूथही तेथेच असते. मायक्रोवेव्ह भट्टी तर जवळपास याच लहरींवर चालते, म्हणून दूध तापत असेपर्यंत स्वयंपाकघरातील मोबाइलवरचे प्रवचन अडखळते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा व वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. म्हणून बैठकीतील टीव्ही आणि हिशेबाचा संगणक ५ वर ठेवावा, दूरच्या खोलीतील उपकरणे २.४ वर. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली की ही निवड आपल्या हाती राहते.

आपल्या समाजातील एका विशिष्ट रचनेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. गावोगावच्या बाजारपेठांत खाली दुकान आणि वर घर ही जुनी पद्धत अद्याप टिकून आहे. जोडणी दुकानाच्या नावावर, त्यामुळे राऊटर गल्ल्याजवळ. वर मुलांचा अभ्यास आणि आजींचे चातुर्मासातील प्रवचनांचे थेट प्रक्षेपण. मधला स्लॅब सळ्यांनी भरलेला असल्याने वरच्या मजल्यावर संकेत जेमतेम पोहोचतो. अशा वेळी विक्रेते ‘रिपीटर’ नावाचा छोटा डबा सुचवतात. साधा रिपीटर ज्या लहरींवर ऐकतो, त्यांवरच पुढे बोलतो. ऐकणे आणि बोलणे आळीपाळीने चालल्याने वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय जिथे संकेत मुळातच क्षीण, तिथे तो लावला तर क्षीण संकेतच पुढे जातो. माझ्या मते जिन्यालगत एक केबल वर न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून बसवावा. खर्च एकदाच होतो. भिंत फोडणे शक्य नसेल, तर मेश पद्धतीची जोडी घ्यावी. ती महाग पडते, पण साध्या रिपीटरपेक्षा बरी.

दुकानातील वाय-फायचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, हाही प्रश्न विचारावा. नोकर, ग्राहक, माल उतरवणारे, शेजारचे दुकानदार असे करता करता तो साऱ्या पेठेला माहीत होतो. राऊटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. ती पाहून पुष्कळांना धक्का बसेल. वेगाचे नुकसान तर आहेच, परंतु हिशेबाचा व बँक व्यवहारांचा संगणक परक्यांच्या मोबाइलसह एकाच जाळ्यात असणे अधिक धोक्याचे. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे सुरू करावे आणि राऊटरच्या मांडणीत शिरण्याचा मूळ पासवर्डही बदलावा. अनेक घरांत तो अजूनही कारखान्यातून आला तोच असतो.

एवढे करूनही केबलवरचा वेग करारातल्या वेगाच्या जवळपास येत नसेल, तर तक्रार करावी, आणि ती केवळ घरी येणाऱ्या तंत्रज्ञाच्या कानावर घालून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२च्या नियमांनुसार तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अपिलात तक्रार क्रमांक, योजनेचे नाव आणि वहीतील तारीखवार नोंदी लिहाव्यात. मोजणी केबलवर घेतली होती, हेही स्पष्ट नमूद करावे, म्हणजे ‘तुमचेच वाय-फाय कमजोर आहे’ हे ठरलेले उत्तर देण्यास त्यांना जागा उरत नाही.