हात आधी, रॅकेट नंतर

अंधेरीचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल असो, विलेपार्ल्याचे प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल असो, की बोरिवली-मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत पार्किंगच्या जागेवर आखलेले कोर्ट असो. तिथे नेमाने बॅडमिंटन खेळणाऱ्यांत हौशी मंडळीच जास्त दिसतात. कुणी चाळिशी ओलांडलेले, कुणी दिवसभर संगणकापुढे बसून खांदे आखडलेले, कुणी शाळेनंतर थेट आता पुन्हा रॅकेट धरलेले. या सगळ्यांची तक्रार एकच असते. फूल (शटलकॉक) मागच्या रेषेपर्यंत जात नाही, अर्ध्या कोर्टातच पडते आणि समोरचा ते मारून मोकळा होतो. त्यावरचा उपायही बहुधा एकच निघतो: टीव्हीवरच्या विजेत्याच्या हातात असते ती रॅकेट. नेमका हाच उपाय उलटा पडतो. ज्याचा हात संथ आहे त्याला त्या विजेत्याच्या बरोबर विरुद्ध टोकाचे साहित्य लागते.

सुरुवात दांड्यापासून करू. रॅकेट मागून पुढे येताना दांडा किंचित वाकतो आणि फुलाला भिडण्याच्या सुमारास सरळ होतो. त्या सरळ होण्यातून डोक्याला थोडा जादा वेग मिळतो. पण दांडा वाकवायला हाताला वेग हवा. ऑलिम्पिक विजेत्या व्हिक्टर ॲक्सेलसनने वापरलेल्या ॲस्ट्रॉक्स 100 झेडझेड रॅकेटचा दांडा अतिशय कडक वर्गातला आहे. ॲक्सेलसनच्या फटक्याने तो वाकतो. रविवारी तासभर खेळणाऱ्याच्या फटक्याने जेमतेम हलतो. मग जोर पूर्णपणे खांद्यातून आणि कोपरातून काढावा लागतो आणि धक्काही तिथेच परत येतो. लवचिक किंवा मध्यम दांडा कमी वेगातही वाकतो, शिवाय वेळेची थोडी चूक पोटात घालतो. त्यातून मिळणारा लाभ फार मोठा नसतो, कारण मुख्य काम खांदा, कोपराखालचा हात आणि मनगट हेच करतात. पण ज्याच्याकडे वेगाची चणचण आहे त्याने तो थोडका लाभ तरी का सोडावा? डिस्क गोल्फ या खेळातही हाच नियम आहे. तिथे सर्वाधिक वेगाच्या क्रमांकाची तबकडी संथ हाताने फेकली तर ती लांब तरंगत न जाता लवकरच एका बाजूला वळून खाली येते. कमी क्रमांकाची तबकडी त्याच हातातून जास्त अंतर कापते.

दुसरा गैरसमज वजनाचा. डोक्याकडे जड रॅकेट म्हणजे स्मॅश जोरदार, असे सरसकट सांगितले जाते. जड डोके जोर देते हे खरे, पण ते त्याच वेगाने फिरवता आले तरच. वेग घटला की वजनाचा फायदा तिथेच संपतो. भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने 2023 साली ताशी 565 किलोमीटरच्या स्मॅशचा विश्वविक्रम केला, तो नॅनोफ्लेअर 1000 झेड या डोक्याकडे हलक्या रॅकेटने. म्हणजे त्या आकड्यामागे हात होता, रॅकेटच्या डोक्याचे वजन नव्हे. रॅकेटवर लिहिलेले 3यू म्हणजे 85 ते 89.9 ग्रॅम आणि 4यू म्हणजे 80 ते 84.9 ग्रॅम. संथ हाताला 4यू आणि समतोल डोके सोयीचे पडते, कारण खेळाच्या शेवटच्या गेममध्येही ती रॅकेट वेळेवर वर उचलली जाते.

खरी चूक मात्र गटिंगमध्ये, म्हणजे रॅकेटला दोरी ताणून बसवण्यात, होते आणि ती रॅकेटच्या किमतीमागे लपते. गट जितके ताणलेले, तितकी जाळी कमी दबते आणि फुलाला परत ढकलणारी उसळी कमी मिळते. शिवाय नीट फटका बसण्याची जागा आक्रसते. व्यावसायिक खेळाडू 28-30 पाउंडांचा ताण घेतात, कारण उसळी त्यांच्या हातातच असते आणि जाळीकडून त्यांना फक्त नेमकेपणा हवा असतो. संथ हाताला 21 ते 23 पाउंड पुरतात. गटाची जाडीही पाहावी. 0.65 मिलिमीटरचा बारीक गट उसळी चांगली देतो, पण फूल चौकटीजवळ लागले की लवकर तुटतो; 0.70 मिलिमीटरचा बीजी 65 हा गट अशा चुका जास्त सोसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की सैल जाळीने ताबा जातो. थोडा जातोच. पण मुळात फूल मागच्या रेषेपर्यंत पोहोचत नसेल, तर ते रेषेच्या चार बोटे आत पडावे हा विचार नंतरचा. दुसरा आक्षेप: हात उद्या सुधारेल, मग आजच वरची रॅकेट का घेऊ नये? कारण न पेलणाऱ्या साधनाने हात सुधारत नाही. तो ओढूनताणून मारण्याची सवय लावून घेतो आणि ती सवय पुढे कोपराच्या दुखण्यापर्यंत जाऊ शकते. तिसरा आक्षेप डबल्सवाल्यांचा: लवचिक दांडा नेटजवळच्या झटपट देवाणघेवाणीत उशिरा प्रतिसाद देतो. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बहुतेक वेळ डबल्स खेळणाऱ्याने अगदी लवचिक नव्हे, तर मध्यम दांडा घ्यावा.

आणखी एक पळवाट फुलाची. नायलॉनच्या फुलावरची पट्टी हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. फूल मागे जात नाही म्हणून लाल पट्टी आणणे हा इलाज नव्हे. पट्टी हवेप्रमाणे ठरते. उष्ण, विरळ हवेत फूल लांब जाते, म्हणून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात मुंबईपेक्षा संथ फूल लागते. नियमांतील कसोटी सोपी आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारलेले फूल समोरच्या मागच्या रेषेच्या 530 ते 990 मिलिमीटर आत पडावे. कोर्टवरच्या सरासरी ताकदीच्या खेळाडूकडून ही चाचणी करून घ्यावी. त्याचे फूल तिथे पडत असेल आणि आपले पडत नसेल, तर फूल बदलू नये. गट आणि दांडा तपासावा.

तेव्हा क्रम असा ठेवा. हातात आहे त्याच रॅकेटचे गटिंग आधी 22 पाउंडांवर करून घ्या आणि महिनाभर खेळा. तरी भागले नाही तर मध्यम दांड्याची 4यू रॅकेट घ्या, तीही मित्राची मागून खेळून पाहिल्यावर. विजेत्याच्या रॅकेटसाठी बाजूला ठेवलेले पैसे मग चांगल्या प्रशिक्षकाला द्या. हात सुधारला तर तिथेच सुधारेल.