स्पार्कचा पट्टा

सकाळी 8.30
तळेगाव-चाकण रस्त्याकाठचं गॅरेज. शटर वर जातं, उदबत्ती लागते, पोरगा झाडू मारतो. त्याची हजेरी पाचशे, हिशेब शनिवारी. मधोमध पांढरी शेवरोले स्पार्क उभी आहे, 2011 ची. इथल्याच एमआयडीसीत बनलेली.

9.15
गाडीचे मालक येतात. त्याच कारखान्यात बॉडी शॉपला होते. डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आता शाळेची व्हॅन चालवतात.
"टायमिंगचा पट्टा आत्ताच बदलायला पाहिजे का?"
"दादा, चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतील. मग हेड खोला. आज साडेचारात भागतंय."
हजार ॲडव्हान्स देऊन ते निघतात. साडेअकराला शाळा सुटते.

9.40
पुढचं उजवं चाक निघतं. मग आतलं प्लॅस्टिक, मग अल्टरनेटरचा पट्टा. क्रँक पुलीचा बोल्ट मात्र जाम. मिस्त्री गोटी पाना लावतात, दांड्यावर पाइप चढवतात. गाडी पाचव्या गिअरमध्ये, पोरगा आत ब्रेक दाबून. एक हिसका वाया. दुसराही. स्प्रे मारून चहा मागवला जातो. चहानंतर तिसऱ्या हिसक्याला बोल्ट सुटतो आणि मिस्त्रींच्या बोटाचं सालटं जातं. वर इन्सुलेशन टेप. काम पुढे.

11.00
"मारुती खोललेल्याला मॅटिझ जड गेली नाही," मिस्त्री म्हणतात. मॅटिझ म्हणजे या स्पार्कची आधीची पिढी. त्याला कारण आहे. कोरियाच्या देवूची 1991 ची टिको सुझुकीच्या अल्टोवर बेतलेली. तीन सिलिंडर, 796 सीसी. आपल्या मारुती 800 ची चुलत बहीणच म्हणा. मॅटिझनं इंजिनाचं तेच माप पुढे चालवलं. अंग मात्र इटलीचं. ज्युजारोंच्या इटालडिझाइननं फियाटसाठी एक छोटी गाडी रेखाटली होती. फियाटनं घेतली नाही, देवूनं घेतली. 1998 मध्ये मॅटिझ कोरियात आली आणि त्याच वर्षी दिल्लीजवळच्या सूरजपूरमधून आपल्याकडेही. देवू कर्जात बुडाली. 2002 मध्ये तिचा मोटारींचा धंदा शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सनं उचलला. पुढची मॅटिझ भारतात 2007 साली स्पार्क नावानं उतरली, चार सिलिंडर आणि 995 सीसी घेऊन. मिस्त्रींच्या वहीत अजूनही 'मॅटिझ नवी' असंच लिहिलेलं असतं.

12.30
जवळच्या दुकानात पट्टा आहे, टेन्शनर नाही. शेवरोलेची भारतातली विक्री 2017 च्या अखेरीस बंद झाली, तेव्हापासून हे असंच. पोरगा बाइक काढतो. पुण्यातली नाना पेठ. पेट्रोल दोनशेचं.

3.00
पोरगा उन्हानं लाल होऊन येतो. पट्टा 850, टेन्शनर 900, वॉटर पंप 1,200. पंप कशाला, जुना चालतोय की? मिस्त्री मान हलवतात. तो गळला तर हे सगळं पुन्हा उघडायचं. नवा टेन्शनर ते कानाशी धरून फिरवतात. खरखर नाही. पास.

3.40
आता घाई नाही. क्रँकच्या दात्यावर पांढरा ठिपका, कॅमच्या दात्यावर दुसरा. पट्टा चढतो. एक दात चुकला तरी गाडी ओढणार नाही. म्हणून मिस्त्री पान्यानं इंजिन हातानंच दोन फेरे फिरवतात. ठिपके परत जागेवर. तरी पोराला म्हणतात, "तू बघ." पोरगा बॅटरी मारून बघतो. या नजरेचे पैसे बिलात कधी येत नाहीत, यायला हवेत.

5.45
गाडी पहिल्या स्टार्टला लागते. बिल: सामान 2,950, कूलंट 350, लेबर 1,200, पेट्रोल 200.
"साडेचार म्हणाला होता."
"पेट्रोल सोडा."
ॲडव्हान्स वजा जाता 3,500 फोनवरून येतात. कारखाना आता ह्युंदाईनं घेतलाय. मालकांच्या भाच्यानं तिथं अर्ज टाकलाय. "कोरियाचीच कंपनी परत," ते म्हणतात आणि गाडी रिव्हर्स घेतात.

7.15
उद्या सँट्रोचा क्लच. मिस्त्री दुकानाला फोन लावतात. प्लेट आहे.
"बाजूला ठेव. पैसे शनिवारी."