खुर्चीचीही हजेरी लागते!

युरोपातले काही फुटबॉल क्लब सीझन तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकांची हजेरी मोजतात. आगाऊ पैसे भरूनही सामन्याला न येणाऱ्याची जागा जाऊ शकते. पण प्रेक्षकाने हजर राहायचे, तर क्लबाने कुठे राहायचे?

२८ एप्रिल २०१३. नव्या रायपुरातल्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर प्रेक्षकांनी गर्दी केली होती. आयपीएलचा सामना छत्तीसगडमध्ये प्रथमच होत होता. एका बाजूला दिल्ली डेअरडेव्हिल्स, दुसऱ्या बाजूला पुणे वॉरियर्स. कागदोपत्री हा दिल्लीचा ‘घरचा’ सामना होता. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी माणसांची वस्ती आहे. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. तेव्हा टाळ्या ‘घरच्या’ दिल्लीसाठी वाजवायच्या की भाषेच्या नात्याने पुण्यासाठी, असा पेच मराठी प्रेक्षकाला पडावा असाच तो प्रसंग होता. सामना दिल्लीने जिंकला. १ मे रोजी कोलकात्याविरुद्ध आणखी एक ‘घरचा’ सामना झाला आणि घरची मंडळी सामानसुमान आवरून निघून गेली.

दोन दिवसांच्या पाहुण्यांसाठी कोणी वर्षाची खुर्ची राखून ठेवत नाही. मात्र ज्या गावात संघ खरोखरच राहतो, तिथे अशी खुर्ची हा घराण्याचा ठेवा होऊन बसतो. आजोबांनी घेतलेली जागा नातवापर्यंत येते. युरोपातल्या फुटबॉलमध्ये हे घडत आले आहे. आणि आता त्याच खुर्चीचे हजेरीपुस्तक उघडले गेले आहे!

पास निराळा, खुर्ची निराळी

सीझन तिकीट हा शब्द आपल्याला नवा नाही. मुंबईच्या लोकलचा मासिक पास म्हणजे सीझन तिकीटच. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवालाही रसिक सगळ्या दिवसांचे सीझन तिकीट काढतात. पण पास काढून महिनाभर घरी बसलात तरी रेल्वे त्याचा जाब विचारत नाही. तुमच्या न येण्याने डब्यातल्या इतरांना उलट थोडी जागाच मिळते.

फुटबॉलचे तसे नाही. इथे हंगाम सुरू होण्यापूर्वी एकरकमी पैसे भरून क्लबाच्या घरच्या मैदानावरची एक ठरावीक खुर्ची हंगामभर आपल्या नावावर करून घ्यायची असते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात, म्हणजे प्रत्येकाचे घरचे सामने १९. जर्मनीच्या बुंडेसलिगात संघ १८, त्यामुळे घरचे सामने १७. पुढल्या वर्षी तीच खुर्ची पुन्हा घेण्याचा पहिला हक्क सहसा जुन्या तिकीटधारकाचा असतो. साहजिकच जागा सोडायला कोणी तयार नसते आणि बाहेर प्रतीक्षायादी वाढत जाते. काही बड्या क्लबांच्या यादीत नाव घातलेल्या माणसाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

रिकाम्या खुर्चीचा हिशेब

पैसे तर क्लबाच्या हाती आधीच पडलेले असतात. मग खुर्ची भरली काय आणि रिकामी राहिली काय, क्लबाचे बिघडले कुठे?

बिघडते ते असे. एक म्हणजे, यादीतला माणूस बाहेर ताटकळत असताना आत रिकाम्या खुर्च्या दिसल्या की तो चिडतो आणि त्याचे चिडणे रास्तही असते. दुसरे, सामना कोट्यवधी लोक टीव्हीवर पाहतात. ओस पडलेले स्टँड क्लबाची शोभा घालवतात. तिसरे, मैदानावर येणारा माणूस खातो-पितो, पोराला क्लबाचा शर्ट घेऊन देतो. न येणाऱ्याकडून ही मिळकत बुडते. चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. फक्त मोठ्या सामन्यांची तिकिटे चढ्या भावाने विकता यावीत एवढ्यासाठी सीझन तिकीट अडवून ठेवणारे लोकही असतात.

पूर्वी हे पकडणे अवघड होते. दारावरचा माणूस तिकिटाचा तुकडा फाडून घेई आणि गोष्ट तिथेच संपे. आता दारावर यंत्र आहे. कार्ड किंवा मोबाईल त्यावर टेकवला की कोणती खुर्ची आली, कोणती आली नाही, याची आपोआप नोंद होते. कॉलेजच्या ७५ टक्के हजेरीसारखाच हा प्रकार. जर्मनीच्या बायर्न म्युनिकने १७ पैकी किमान ८ सामन्यांना तिकीट वापरले गेलेच पाहिजे अशी अट घातली होती. इंग्लंडमधल्या काही क्लबांनीही असे आकडे ठरवले. आकडा क्लबागणिक निराळा असतो आणि हंगामागणिक बदलतोही.

मात्र हजेरी म्हणजे स्वतः जाऊन बसणेच, असे सगळीकडे नसते. अनेक ठिकाणी आपली खुर्ची एखाद्या सामन्यापुरती घरच्या माणसाला किंवा मित्राला क्लबाच्या नोंदीनुसार देता येते. क्लबाच्या अधिकृत फेरविक्रीतून ती परतही करता येते. मग क्लब ती दुसऱ्याला विकतो आणि मूळ मालकाला काही पैसे परत मिळतात. यातला कोणता मार्ग हजेरीत धरायचा आणि कोणता नाही, हे ज्याचा तो क्लब ठरवतो. अट मोडली तर आधी ताकीद मिळते आणि नंतर पुढच्या हंगामाचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते.

बार्सिलोनाची ती रात्र

या नियमांची गरज का भासते, याचा धडा स्पेनमध्ये मिळाला. १४ एप्रिल २०२२ च्या रात्री बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर युरोपा लीगचा उपांत्यपूर्व सामना होता. पाहुणा संघ जर्मनीचा आइन्ट्राख्ट फ्रँकफर्ट. पाहुण्यांच्या पाठीराख्यांसाठी ५ हजार तिकिटे राखलेली होती. प्रत्यक्षात मैदानात सुमारे ३० हजार जर्मन प्रेक्षक असल्याचा अंदाज निघाला! पांढऱ्या शर्टांनी स्टँडचे स्टँड भरून गेले.

ईस्टरपूर्वीच्या सुट्ट्यांचे दिवस होते. बार्सिलोनाच्या अनेक सभासदांच्या जागा त्या रात्री परक्या हातांत गेल्या होत्या. बार्सिलोनाच्या खेळाडूंना स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखे वाटावे अशी स्थिती होती. या प्रकाराचा निषेध म्हणून क्लबाचे कट्टर पाठीराखे दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला आपल्या जागा सोडून बाहेर राहिले. फ्रँकफर्टने सामना ३-२ असा जिंकला आणि पुढे करंडकही पटकावला. बार्सिलोनाचे अध्यक्ष लापोर्ता यांनी घडल्या प्रकाराची लाज वाटते अशी जाहीर कबुली दिली.

खुर्ची विकून सभासदाच्या खिशात चार पैसे पडले असतील. क्लबाने गमावले ते घर. पाठीराखा नुसता ग्राहक नसतो, तो त्या घरचा माणूस असतो, ही गोष्ट त्या रात्री सर्वांना उमगली.

पण प्रेक्षकाचीही बाजू आहे

म्हणून नियम झाला की सारे ठीक झाले, असे मुळीच नाही. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांचा गुडघा थंडीत साथ देत नाही. परिचारिकेची रात्रपाळी चुकत नाही. घरात बाळंतपण असते, कोणाचे आजारपण असते. चाळीस वर्षे ज्याने एकही सामना चुकवला नाही, त्याला एका आजारी वर्षावरून जागा गमवावी लागली तर त्या नियमाला न्याय कसे म्हणायचे? काही क्लब अशा कारणांचा विचार करतात, पण त्यासाठी अर्ज, पुरावे आणि पत्रव्यवहार आला. मोबाईलवरचे तिकीट आल्यापासून तर वयस्कर मंडळींची अडचण आणखी वाढली आहे.

शिवाय सामन्यांच्या वेळा ठरवतो कोण? बहुतेक वेळा टीव्ही. शनिवारी दुपारचा सामना सोमवारी रात्री नेला, तर दूर गावाहून येणाऱ्याने मंगळवारी कामावर कसे पोहोचायचे? जर्मनीत याच मुद्द्यावरून असंतोष उसळला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रेक्षकांनी सोमवारच्या सामन्यात मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून निषेध केला. अखेर बुंडेसलिगाला नमते घ्यावे लागले आणि २०२१-२२ च्या हंगामापासून सोमवारचे सामने बंद झाले. वेळ बदलायची क्लबांनी आणि गैरहजेरी लागायची प्रेक्षकांना, हा उफराटा न्याय तिथल्या लोकांनी चालू दिला नाही.

संघच गैरहजर!

आपल्याकडे मात्र गाडी नेमकी उलट दिशेने गेली आहे. इथे प्रेक्षक जागेवर असतो. संघच उठून जातो.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्याचे सामने होत. नारिंगी शर्ट घालून, ढोल वाजवत येणारी पोरे तिथे दिसू लागली. २०१७-१८ च्या हंगामात संघाने उपांत्य फेरीही गाठली. पण आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. त्या हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले आणि २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला गेला. त्याआधी दिल्लीचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेला होता. २०२५-२६ चा हंगाम तर नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही. अशा वेळी सीझन तिकीट घेणाऱ्याने कोणाची हजेरी घ्यायची?

हे परदेशातही घडते. लंडनच्या विम्बल्डन क्लबाला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या गावी जाण्याची परवानगी मिळाली. पाठीराखे रडत बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला, तळातल्या स्पर्धेपासून सुरुवात केली, २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळवला आणि २०२० मध्ये क्लब आपल्या जुन्या प्लाऊ लेनवर परतला. संघ गेला, पण प्रेक्षक हजर राहिले. म्हणूनच संघ पुन्हा उभा राहिला.

अशी निष्ठा पाहायला लंडनलाच जायला हवे असेही नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठेतली माणसे आपोआप जमतात. तिथे हजेरीचा नियम कोणी केलेला नाही. संघ गल्लीतला, खेळाडू ओळखीचा. न जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जो जाब द्यावा लागतो, तोच नियम! कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालची सभासदपत्रेही अशीच जपली जातात.

रायपूरच्या खुर्च्या

आणि रायपूर? हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचे हे शहर. फुटबॉलवेड्या कोलकात्याची गाडी इथूनच जाते, पण बड्या फुटबॉल लीगमधला संघ या स्टेशनवर उतरलेला नाही. क्रिकेटचे भव्य स्टेडियम २००८ मध्ये उभे राहिले. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना पाहायला रायपूरकरांना २१ जानेवारी २०२३ पर्यंत थांबावे लागले. भारताने न्यूझीलंडला १०८ धावांत गुंडाळले आणि ८ गड्यांनी सामना जिंकला. जवळजवळ पंधरा वर्षे खुर्च्या वाट पाहत होत्या.

फुटबॉलचे बीज मात्र या राज्यात आहे. बस्तरमधल्या नारायणपूरला रामकृष्ण मिशनच्या मैदानावर २०२४ मध्ये २० वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा झाली. उद्या या मुलांमधून एखादा संघ उभा राहिला, रायपूरला येऊन इथेच राहिला, तर त्याच्यासाठी वर्षाची खुर्ची राखणारी घरे इथे निघतीलच. त्या दिवशी क्लबाने खुशाल हजेरीचा नियम करावा. फक्त त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी: हा संघही या गावातून गैरहजर राहणार नाही.

सीझन तिकीट घेण्यापूर्वी

(परदेशी शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडेल अशी टिपणे)

• किमान किती सामन्यांना हजेरी हवी, ते त्या हंगामाच्या नियमावलीत पाहावे. मागल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नये.

• खुर्ची मित्राला दिली किंवा क्लबाला परत केली, तर ती हजेरीत धरतात का, हे आधी विचारून घ्यावे.

• तिकीट परस्पर विकू नये. तिकीट कायमचे रद्द होण्याचा धोका असतो.

• आजारपण, बाळंतपण, बदली अशा कारणांनी येणे जमणार नसेल तर क्लबाला वेळीच लेखी कळवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

• वर्षातून दोन-चार सामनेच पाहायचे असतील तर सुटी तिकिटे घ्यावीत. खुर्ची रोज येणाऱ्याला मिळू द्यावी.