पुढचा दांडा काढलेली जीप : चालविण्याची रीत व घ्यावयाची काळजी

मृगाचा पाऊस पडला की खेड्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांचे रूप एका रात्रीत पालटते. काळ्या जमिनीतील गाडीवाट चिकट होते, ओढ्यांना पाणी येते आणि घाटातील मुरुमाचा रस्ता वाहून जातो. बियाणे व खते वेळेवर पोहोचविण्याची निकडही नेमकी याच दिवसांत असते. अशा वाटांवर चारही चाकांना इंजिनाची गती मिळणारे वाहन फार उपयोगी पडते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेस प्रारंभ झाला. त्या काळात विकास गटांतून जीप गाडी परिचयाची झाली, ती या गुणामुळेच. त्या बांधणीच्या जुन्या जिपा आजही काही शेतकऱ्यांच्या वापरात आहेत.

अशा गाडीचा पुढच्या चाकांकडे गती नेणारा दांडा कधी वाकतो, कधी त्याचा सांधा खिळखिळा होतो. नवा सांधा मिळेपर्यंत कारागीर तो दांडा काढून ठेवतो व गाडी मालकाच्या स्वाधीन करतो. गाडी पूर्वीसारखीच चालते असे पाहून मालक निश्चिंत होतो. परंतु डांबरी रस्त्यावर जाणवत नाही असा फरक उतारावर, चिखलात आणि चाक बदलताना एकाएकी प्रकट होतो. तो फरक कोणता व त्यासाठी कोणती काळजी घ्यावी, याचे विवेचन येथे केले आहे.

चारही चाकांकडे गती कशी जाते

जीपमध्ये इंजिनाची गती प्रथम गिअर बॉक्समध्ये व तेथून तिच्या मागे जोडलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये येते. ट्रान्स्फर केसमधून दोन दांडे निघतात. एक मागच्या आसाकडे व दुसरा पुढच्या आसाकडे जातो. यांस प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांस युनिव्हर्सल सांधा असतो. स्प्रिंगांमुळे आस खालीवर झाला तरी या सांध्यांमुळे दांडा वाकडा न होता फिरत राहतो.

जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन दांड्या असतात. एकीने पुढच्या चाकांची गती जोडता किंवा तोडता येते. दुसरीने गाडी साध्या वा संथ टप्प्यात घालता येते. संथ टप्प्यात चाकांवर येणारा जोर साध्या टप्प्याच्या सुमारे अडीच पट होतो. पुढची गती जोडल्याखेरीज संथ टप्पा पडू नये, अशी अटकाव करणारी योजना आतच केलेली असते. एवढा जोर चार चाकांत वाटला जावा, केवळ मागच्या आसावर पडू नये, हा त्यामागील हेतू होय.

वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. त्यामुळे पुढचा दांडा मागच्यापेक्षा थोडा अधिक फिरावयास हवा. परंतु पुढची गती जोडली असता दोन्ही दांडे सारखेच फिरतात. मऊ जमिनीत चाके किंचित घसरून हा फरक भरून निघतो. कठीण रस्त्यावर तसे होत नाही. दांड्यांत पीळ साचतो, टायर झिजतात व जोडणीची दांडी अडकून बसते. म्हणून कठीण रस्त्यावर पुढची गती तोडूनच जीप चालवावयाची असते. पुढचा दांडा काढलेली जीप अशा रस्त्यावर नेहमीसारखी भासते, याचे कारण हेच आहे.

दांडा काढताना

गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे आणि चाकांच्या पुढे व मागे दगड लावावेत. त्यानंतरच गाडीखाली शिरावे. दांडा सोडविण्यापूर्वी दांड्यावर व तो ज्या दुबेळक्यात बसतो त्या योकवर रंगाने किंवा छिन्नीने समोरासमोर खूण करावी. परत बसविताना दांडा त्याच खुणेवर बसला म्हणजे त्याचा तोल बिघडत नाही.

सांध्याच्या टोपणांत सुईसारखे बारीक रोलर असतात. टोपण निसटले की ते मातीत विखुरतात. म्हणून सांधा सुटताच टोपणे दोऱ्याने किंवा तारेने बांधून टाकावीत. दांड्याच्या मध्ये सरकता जोड असतो. तो सहसा सोडवू नये. सुटलाच तर दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत येतील असा पुन्हा बसवावा. अन्यथा गाडीला थरथर सुटते व नवा सांधाही लवकर खराब होतो.

दांडा काढावयाचा तर पूर्ण काढावा. एकच टोक सोडून दुसरे तारेने वर टांगण्याची पद्धत घातक आहे. तार तुटली की सुटे टोक जमिनीत रुतून गाडीस उचलू शकते किंवा ब्रेकची नळी तोडू शकते. जुन्या जीपमध्ये योक आपल्या जागी राहत असल्याने ट्रान्स्फर केसमधील तेल सांडत नाही. काही वाहनांत मात्र दांड्याचे टोकच ट्रान्स्फर केसच्या आत सरकलेले असते. ते ओढून काढल्यास तेथे भोक उघडे पडते व तेल वाहून जाते. अशा वाहनाचे भोक योग्य बूच बसवून बंद केल्याशिवाय ते चालवू नये.

चालविताना होणारा फरक

पायाने दाबावयाचा ब्रेक चारही चाकांना पूर्वीप्रमाणेच लागतो, कारण त्याचा या दांड्याशी संबंध नाही. परंतु पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट, पुढची दांडी तोडलेल्या स्थितीतच ठेवावी व तिला चिठ्ठी बांधावी. दुसऱ्या चालकाने नकळत ती जोडली, तर संथ टप्प्याचा अटकाव निघून जातो. मग अडीच पट झालेला सर्व जोर एकट्या मागच्या आसावर पडतो. चाक रुतलेले असताना अशा वेळी ॲक्सिलरेटर जोराने दाबल्यास मागचा अर्धआस किंवा डिफरन्शियलचे दाते तुटण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट, चिखलात पुढची चाके आता गाडीस ओढीत नाहीत, केवळ ढकलली जातात. स्टिअरिंग वळविले तरी गाडी सरळ घसरत जाते. पूर्वी ज्या ओढ्यातून गाडी सहज पार होत असे, तेथे चालकाने आपल्या सवयीवर विसंबू नये. उतरून वाट पाहावी. बियाण्याची किंवा खताची पोती असल्यास ती मागच्या आसाच्या वर यतील अशी ठेवावीत, म्हणजे मागच्या चाकांची पकड वाढते. शंका वाटल्यास गाडी अलीकडेच उभी करून पोती बैलगाडीने न्यावीत.

तिसरी गोष्ट, उतारावर गाडीचा भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात. इंजिनाचा रोध मात्र आता फक्त मागच्या चाकांनाच मिळतो. ओल्या उतारावर मोठ्या गिअरातून लहान गिअर एकदम घातल्यास मागची चाके घसरून गाडी आडवी फिरते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच लहान गिअर घालावा आणि पायाचा ब्रेक हळूहळू दाबावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून ती हातब्रेकसंबंधी आहे.

हातब्रेक व चाक बदलणे

जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, मागच्या दांड्यावर असतो. तो ओढला की दांडा अडतो व त्याच्यामार्फत मागची चाके अडतात. पुढची गती जोडलेली असल्यास पुढची चाकेही त्याच ब्रेकने अडतात.

समजा, भरलेल्या जीपचे मागचे चाक चढावर पंक्चर झाले. चालकाने हातब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि जॅकने चाक उचलले. मागचा दांडा अडलेला आहे हे खरे. परंतु डिफरन्शियलच्या रचनेमुळे दांडा स्थिर असतानाही एक चाक पुढे व दुसरे मागे फिरू शकते. उचललेले चाक अधांतरी असल्याने त्यास कसलाच विरोध नसतो. जमिनीवरचे चाक उताराकडे गडगडू लागते, उचललेले चाक उलट फिरते आणि गाडी जॅकवरून खाली येते. पुढचा दांडा जागेवर असता व त्याची गती जोडलेली असती, तर पुढच्या दोन्ही चाकांनी गाडी धरून ठेवली असती. तो आधार आता उरलेला नसतो.

यास्तव दांडा काढलेल्या जीपमध्ये दोन मोठे लाकडी ठोकळे सदैव बाळगावेत. चाक उचलण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ते लावावेत. शक्य असल्यास गाडी सपाट जागी न्यावी. पंक्चर टायर फाटला तर नवा घेता येतो. गाडीखाली सापडलेल्या माणसाची हानी भरून येत नाही.

मागचा दांडा मोडल्यामुळे तो काढून केवळ पुढच्या चाकांवर गाडी घरी आणण्याचा प्रसंग कधी येतो. तेव्हा पुढची दांडी तोडली की हातब्रेक कोणत्याच चाकास लागत नाही, हेही लक्षात असावे.

इतर वाहनांविषयी

काही वाहनांत चारही चाकांना कायम गती मिळते व पुढच्या आणि मागच्या दांड्यांमध्येही एक डिफरन्शियल असते. १९७० साली इंग्लंडमध्ये निघालेली रेंज रोव्हर या प्रकारची आहे. अशा वाहनाचा पुढचा दांडा काढल्यास सर्व गती त्या मोकळ्या टोकाकडे जाते व वाहन जागचे हलत नाही. मधले डिफरन्शियल कुलूपबंद केल्यावरच ते मागच्या चाकांवर चालते. कुलूप काढलेल्या स्थितीत असे वाहन गिअरमध्ये ठेवून उभे केले, तरी ते उतारावर घरंगळू शकते.

चारचाकी गतीच्या ट्रॅक्टरकडेही शेतकरी बंधूंनी याच दृष्टीने पाहावे. अनेक ट्रॅक्टरांत ब्रेक मागच्या बाजूसच असतात. पुढची गती जोडली असता पुढची चाकेही दांड्यामार्फत थांबविण्याच्या कामी येतात. दांडा काढला की ही मदत जाते. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन असा ट्रॅक्टर उतारावर नेणे धोक्याचे आहे. दांडा बसेपर्यंत ओझे कमी करावे व सपाट रस्ता धरावा.

इंधनाची बचत होते काय

दांडा काढल्याने इंधन पुष्कळ वाचते, अशी समजूत आढळते. चाके जमिनीवर फिरत असल्याने पुढचे अर्धआस व डिफरन्शियल मात्र तसेच फिरत राहतात. थांबतो तो केवळ दांडा. त्यामुळे बचत अल्पच असते. पुढची चाके आसापासून मोकळी करणारे हब बसविल्यास हे सर्व भाग थांबतात व गरज पडेल तेव्हा चारचाकी गतीही मिळते. अमेरिकेत वॉर्न यांच्या कारखान्याने १९४८ पासून जीपसाठी असे हब तयार केले. दांडा काढलेला असला, तरी पुढच्या डिफरन्शियलमधील तेल वेळच्या वेळी तपासावे, ते याच कारणाने.

सांध्यातील वंगण संपणे किंवा त्यात पाणी व चिखल शिरणे हे दांडा निकामी होण्याचे नेहमीचे कारण होय. ओढ्यातून किंवा चिखलातून गाडी गेल्यानंतर सांधे धुऊन त्यांत ग्रीस भरावे. दांडा हाताने धरून हलवून पाहावा. सांध्यात खटखट जाणवल्यास तो पावसाळ्यापूर्वीच बदलून घ्यावा. काढलेला दांडा घराच्या कोपऱ्यात पडून राहिला, तर ज्या दिवशी रस्ता सर्वांत वाईट असेल, त्याच दिवशी त्याची उणीव भासेल. पेरणीच्या दिवसांत गाडी ओढ्यात अडकली व वाफसा टळला, तर ती वेळ परत मिळत नाही. म्हणून दांड्याची दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकून घेणे शहाणपणाचे ठरेल.