साठ वर्षे वाजणारा ताफा

आपल्या गावच्या भजनी मंडळातले सर्वांत वयस्कर बुवा किती वर्षांचे असतील? सत्तर? पंचाहत्तर? एकादशीला ते रात्रभर वीणा धरून उभे राहतात. आपण म्हणतो, “काय दम आहे म्हाताऱ्यात!” आज आम्ही दूर इंग्लंडातल्या अशाच काही म्हाताऱ्यांची हकीकत सांगणार आहोत. ते भजन गात नाहीत. पण २०२४ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते अमेरिकेत गावोगाव फिरले आणि हजारो लोकांपुढे तास-दोन तास उभे राहून गायले.

या ताफ्याचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’. म्हणजे गडगडत जाणारे धोंडे! नाव ऐकून हसू येईल, पण त्यामागे एक कहाणी आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी नावाचा प्रांत आहे. तिथे कापूस पिकतो. पूर्वी तिथल्या मळ्यांवर राबणारे बहुतेक मजूर काळ्या वर्णाचे होते. त्यांच्या वाडवडिलांना आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले. गुलामगिरी कायद्याने संपली, पण गरिबी आणि अपमान संपले नाहीत. हे मजूर आपले दुःख गाण्यात सांगत. त्या गाण्यांना ‘ब्लूज’ म्हणतात. जात्यावर बसलेली बाई ओवीत मन मोकळे करते ना, तसेच काहीसे.

अशाच एका मळ्यावरचा एक मजूर १९४३ साली शिकागो शहरात कामाला गेला. लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. मडी वॉटर्स म्हणजे गढूळ पाणी. शहरातल्या दारूच्या गुत्त्यांत गोंगाट फार. साध्या गिटारीचा आवाज कुणाला ऐकू जाईना. मग त्याने विजेवरची गिटार हाती घेतली. १९५० साली त्याने ‘रोलिंग स्टोन’ नावाचे गाणे गायले. त्याची तबकडी निघाली.

आता इंग्लंडात चला. लंडनजवळ डार्टफर्ड नावाचे गाव आहे. तिथे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स ही दोन मुले लहानपणी एकाच शाळेत होती. पुढे ताटातूट झाली. १९६१ साली ती दोघे रेल्वेच्या फलाटावर अचानक भेटली. जॅगरच्या काखेत तबकड्या होत्या आणि त्यांत मडी वॉटर्सचीही होती. ती पाहून दुसऱ्याचे डोळे चमकले. तिथेच दोस्ती जमली. ब्रायन जोन्स नावाचा तिसरा गडी मिळाला. १२ जुलै १९६२ रोजी लंडनमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. ताफ्याचे नाव त्यांनी मडी वॉटर्सच्या त्या गाण्यावरून घेतले.

त्यांच्या संगीताला ‘रॉक’ म्हणतात. खरे सांगायचे तर आम्हालाही ते पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटले. पण त्यातली रीत समजली, की कान हळूहळू ऐकू लागतो. एक जण गातो. दोघे गिटार वाजवतात. एक जण जाड तारांची, खर्ज आवाजाची गिटार धरतो. मागे बसलेला ढोल आणि झांजा वाजवून ठेका देतो. ठेका चुकला की सगळेच फसले. आपल्याकडे पखवाजाचे जे काम, तेच इथे त्याचे.

विजेची गिटार वाजते तरी कशी? तिच्या तारा पोलादी असतात. तारांखाली लोहचुंबक आणि त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अगदी थोडी वीज उत्पन्न होते. ती वीज यंत्राने वाढवून कर्ण्याला दिली की मोठा आवाज निघतो. गिटारीला बहुधा सहा तारा असतात. पण रिचर्ड्स यांनी आपल्या काही गिटारींची सर्वांत जाड तार काढूनच टाकली. पाच तारा वेगळ्या सुरांत लावून ते वाजवतात, आणि तोच त्यांचा खास बाज झाला.

मैदान फार मोठे असले तर आणखी एक अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज मात्र क्षणात पोचते. म्हणून मागच्या लोकांसाठी लावलेल्या कर्ण्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडतात. नाही तर एकच गाणे दोनदा ऐकू येईल! २००६ साली ब्राझील देशात समुद्राच्या वाळूवर या ताफ्याचा फुकट कार्यक्रम झाला. दहा लाखांहून अधिक माणसे जमल्याचा अंदाज होता. ही मंडळी आपल्याकडेही येऊन गेली बरं का! एप्रिल २००३ मध्ये आधी बंगळूरला आणि मग मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर ती वाजवून गेली.

इतकी वर्षे फिरायचे म्हणजे सोपे नाही. तरुणपणी नशापाणी, कोर्टकचेऱ्या सगळे झाले. त्याचे आम्ही कौतुक करणार नाही. ब्रायन जोन्स १९६९ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, पोहण्याच्या तलावात मेले. २०१९ साली जॅगर यांच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. दौरा पुढे ढकलला. पण जूनमध्ये गडी पुन्हा शिकागोच्या मंचावर नाचत होता! रिचर्ड्स यांच्या बोटांच्या सांध्यांत संधिवात आहे. एखादी जुनी लकब बोटांना जमेनाशी झाली, की गिटारच दुसरी वाट दाखवते, असे ते सांगतात.

सर्वांत मोठा घाव २०२१ साली बसला. ठेका देणारे चार्ली वॉट्स ऐंशीव्या वर्षी वारले. १९६३ पासून तेच मागे बसत. मोठा शांत माणूस. दौऱ्यावर ज्या ज्या खाटेवर झोपत, त्या प्रत्येक खाटेचे चित्र काढून ठेवत! ते गेल्यावर ताफा मोडावा की चालवावा? मंडळींनी चालवायचे ठरवले. पुढच्या कार्यक्रमाच्या आरंभी मंच रिकामा ठेवला. नुसता ठेका वाजला आणि पडद्यावर चार्लींची चित्रे दिसली. मग स्टीव्ह जॉर्डन यांनी ढोलाची जागा घेतली. काही जुने श्रोते म्हणाले, आता हा तो ताफा नव्हे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण विणेकरी बदलला म्हणून दिंडी थांबत नाही.

एक प्रश्न उरतो. गाणी मजुरांची, आणि पैसा मिळाला या गोऱ्या पोरांना. हा न्याय झाला का? आम्हाला तरी तो पुरा न्याय वाटत नाही. मात्र हे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. १९८१ साली शिकागोच्या एका लहानशा गुत्त्यात ते स्वतः मडी वॉटर्स यांच्या शेजारी उभे राहून गायले. दोन वर्षांनी ते वृद्ध गायक वारले. २०२३ साली या ताफ्याने नवी गाणी काढली. त्यांतल्या दोन गाण्यांत चार्लींचा आधी भरून ठेवलेला ठेका आहे. शेवटच्या गाण्यात मात्र ढोल नाही, झांजा नाहीत. फक्त रिचर्ड्स यांची गिटार, जॅगर यांचा गळा आणि तोंडाने वाजवायचा बाजा. ते गाणे मडी वॉटर्स यांचे आहे. ताफ्याला ज्याच्यावरून नाव मिळाले, तेच.